व्हीटीचा पाया घाटाखाली

मुंबईचं बोरीबंदर, म्हणजे आजचं सीएसएमटी, नीट पाहायचं असेल तर खोपोलीहून निघावं, असं माझं मत आहे. दादरच्या किंवा ठाण्याच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. त्याने ती इमारत महापालिकेच्या चौकातून, मान वर करून पाहिलेली असते. पण त्या घुमटाखाली जो पैसा जमला त्यातला मोठा वाटा आमच्या खालापूर-कर्जतच्या डोंगरातून खाली उतरला, आणि तो उतरवण्याची वाट खोदताना इथल्या दऱ्यांत हजारो माणसं गेली. हा हिशोब पायथ्यापासून मांडला तरच जुळतो.

शिवाय दोन्ही ठिकाणी रूळ संपतात. खोपोलीचा फलाट संपला की पुढे गाव, आणि गावामागे सह्याद्रीची भिंत. सीएसएमटीला रूळ संपले की पुढे रस्ता, आणि त्यापलीकडे फार लांब नसलेला समुद्र. मधलं अंतर साधारण ११५ किलोमीटर. थेट गाडी मिळाली तर अडीच तासांच्या आसपास, नाहीतर कर्जतला उतरून बदली. आमच्याकडचे पासधारक या प्रवासाला प्रवास म्हणतच नाहीत. ते म्हणतात, ‘मुंबईला जाऊन आलो.’

आज खोपोली हे फाट्यावरचं, एकेरी रुळाचं स्टेशन आहे. सुरुवातीला मात्र ते मुख्य मार्गाचं टोक होतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि १२ मे १८५६ रोजी पळसदरीमार्गे खोपोलीला. तिथे कंपनीपुढे डोंगर उभा राहिला. वर खंडाळा ते पुणे हा तुकडा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला, पण मधल्या घाटात रूळ नव्हते. त्यामुळे जवळजवळ पाच वर्षं मुंबईहून पुण्याला जाणारा उतारू खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी पकडून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. सामान हमालांच्या डोक्यावर. त्या पाच वर्षांत खोपोलीत काय गजबज असेल याची कल्पना करायला आजचं स्टेशन फारशी मदत करत नाही. गावाला वाटसरूंची सवय मात्र त्याआधीपासूनची. नाना फडणविसांनी इथे बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचं देऊळ अजून आहे. घाट उतरून आलेल्या पेशवाईतल्या माणसाला पाणी आणि टेकायला जागा लागायची, ती इथे मिळायची.

रेल्वेच्या आधी बोरघाटातून गाडीरस्ता झाला होता. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. देशावरचा कापूस बैलांवरून आणि गाड्यांतून घाट उतरायचा, पनवेलच्या बंदरात होड्यांत भरला जायचा आणि मग मुंबई. वाटेत पाऊस लागला तर गाठोडी भिजत, धूळ तर रोजचीच. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना स्वच्छ, कोरडा आणि वेळेवर पोचणारा कापूस हवा होता. हिंदुस्थानात रेल्वे यावी म्हणून विलायतेत जी खटपट झाली तिच्या मुळाशी ही गाठोडी होती. इकडे मुंबईत नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे व्यापारी त्याच कामाला लागले होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, १८४९ साली स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीने भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिली. धंदा बुडाला तरी व्याज मिळणार, आणि ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी इथल्या रयतेच्या साऱ्यातून. हे कलम लक्षात ठेवावं, पुढे कामी येतं.

खोपोलीहून गाडी सुटली की उजवीकडे डोंगराची धार सोबत करते. लौजी, डोळवली, केळवली ही स्टेशनं इतकी छोटी आहेत की नवखा माणूस ती मोजायलाच विसरतो. पावसाळ्यात ह्या पट्ट्यासारखा पट्टा नाही. भातखाचरं तुडुंब, कड्यांवरून पांढऱ्या धारा. डोंगरावरून उतरणारे लोखंडी पाइपही लांबून दिसतात. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज सुरू केली. ती गेली मुंबईच्या गिरण्यांना, पुढे लोकल गाड्यांनाही. वापरून झालेलं पाणी पाताळगंगेत सुटतं आणि खालापूर तालुक्याला ऐन उन्हाळ्यातही वाहती नदी मिळते.

पळसदरीला घाटाची मोठी लाइन येऊन मिळते. स्वामी समर्थांच्या मठासाठी गुरुवारी इथे गर्दी असते. नेमकी इथूनच जीआयपीची खरी कसोटी सुरू झाली.

घाटाचं काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. आखणी मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांची. जवळजवळ १६ मैलांत १,८३१ फूट चढायचं, २५ बोगदे, आठ मोठे पूल, आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांना एक फूट चढ. कंत्राट विल्यम फॅव्हियल याला मिळालं. बोरीबंदर-ठाणे हा पहिला तुकडा बांधणाऱ्या जोडीतलाच तो. सपाटीवरचं काम आणि हे काम यांत किती अंतर आहे ते त्याला लवकरच कळलं. कड्यावर उभं राहायला जागा नाही, म्हणून माणसं दोरांना लोंबकळून दगडात सुरुंगाची भोकं पाडत. पावसाचे चार महिने बहुतेक काम बंद. कामगारांच्या वस्तीत पाणी खराब, त्यातून पटकी. मजुरी वेळेवर नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला, मारामारी झाली, आणि थोड्याच दिवसांत फॅव्हियलने कंत्राट सोडून दिलं. भागधारकाच्या व्याजाला हमी होती, सुरुंग लावणाऱ्याच्या मजुरीला नव्हती. शाळेच्या पुस्तकात आम्ही ‘इंग्रजांनी रेल्वे आणली’ एवढंच वाचलं. त्या उद्रेकाबद्दल घाटाच्या पायथ्याशी राहूनही आम्हाला कोणी सांगितलं नाही.

फॅव्हियलच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. दुसरी एखादी बाई असती तर सामान बांधून पुढच्या जहाजाने परत गेली असती. त्याची बायको ॲलिस गेली नाही. तिने नवऱ्याचं कंत्राट स्वतःकडे घेतलं, ॲडम्सन आणि क्लाऊझर या दोघांना प्रत्यक्ष बांधकामावर नेमलं आणि काम तडीस नेलं. १८६१ च्या सुरुवातीला घाटात एकाच वेळी ४० हजारांवर माणसं राबत होती. त्या काळात संबंध कर्जत-खालापूरच्या गावांत तरी इतकी माणसं असतील का, असा प्रश्न पडतो. बायका आणि मुलंही पाट्या वाहत होती. पटकीने आणि तापाने मेलेल्यांचा नीट हिशोब कंपनीने ठेवला नाही. तो ठेवण्याचं तिला कारणच नव्हतं.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाटाचं उद्घाटन केलं. बर्कली ते पाहायला नव्हते, आदल्या वर्षीच ऑगस्टमध्ये इंग्लंडात त्यांचं निधन झालं होतं. आणि घाटानेही सगळं निमूट मान्य केलं असं नाही. १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, मऊकीमाळीचा मोठा पूल कोसळला आणि पुन्हा बांधावा लागला. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगर इतका अडचणीचा होता की गाडीला वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी एका तोंडाने यायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. विजेची इंजिनं येण्याच्या सुमारास नवा मार्ग काढून ते बंद केलं.

कर्जतला गाडी पाच-दहा मिनिटं थांबली की घाट म्हणजे काय ते समजतं. पुण्याकडे जाणारी गाडी उभी राहते, मागून दोन-तीन इंजिनं येऊन लागतात. त्यांना इकडे सगळे बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, आणि लोणावळ्याला बँकर सुटून परत खाली येतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीनसुद्धा याला अपवाद नाही. राणी असली तरी कर्जतला थांबून मागून धक्का घ्यावाच लागतो. त्या थांब्यात कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला. दिवाडकरांच्या वड्यामागे चव आहेच, पण बँकर लागायला जी मिनिटं जातात ती नसती तर पुण्या-मुंबईच्या माणसाने तो खिडकीतून घेतला कधी असता? २०२३ पासून धावणारी सोलापूरची वंदे भारत मात्र बँकरशिवाय घाट चढते. गाडीभर डब्यांत मोटरी वाटून दिलेल्या असल्या की ढकलणारं कोणी लागत नाही. माझ्या समोर बसलेले पळसदरीचे निवृत्त रेल्वेवाले काका हे ऐकून म्हणाले, ‘अशा सगळ्याच गाड्या झाल्या तर कर्जतला थांबेल कोण?’ बँकरांचं शेड, त्यांचे ड्रायव्हर, त्यांची क्वार्टर्स, वडेवाले, चहावाले, सगळं गाव त्या चढावर उभं आहे. काकांची काळजी उगाच नव्हती.

उतरणीची गोष्ट वेगळी. उतरताना गाडी हाताबाहेर जाऊ नये म्हणून घाटात ठिकठिकाणी कॅच सायडिंग आहेत. रुळांचा एक फाटा चढावर नेऊन सोडलेला असतो. गाडी ठरलेल्या जागी थांबून ‘ब्रेक ठीक आहेत’ हे दाखवते, मगच तिला पुढची वाट मिळते. न थांबली तर ती आपोआप त्या चढावर जाऊन अडकते. दीडशे वर्षांपूर्वीची युक्ती आणि आजही त्याच तत्त्वावर भरवसा.

कर्जत सोडल्यावर उल्हास नदी कधी जवळ, कधी लांब. सकाळच्या गाडीत ठाकर आणि कातकरी बाया पाट्या घेऊन चढतात. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, पावसात रानभाज्या. माल डब्यात, माणसं दाराशी, असा त्यांचा अर्ध्याहून अधिक प्रवास. भिवपुरी रोडच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा विजेचे मनोरे दिसतात. भिवपुरीचं वीजघर १९२२ चं. माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभा केला आणि नेमके हे मनोरे पाडायचं ठरवलं. इथला मनोरा पडला की मुंबईतलं यंत्र थांबतं, हे त्यांनी ओळखलं होतं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुंबईचं आमच्यावाचून चालत नाही ही गोष्ट इंग्रजांना बर्कलीने नकाशावर दाखवली आणि भाईंनी अंधार करून.

नेरळला माथेरानची छोटी गाडी, १९०७ ची, पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून झालेली. तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. वांगणीला अंध फेरीवाले चढतात आणि कंगवे, पिना, कार्डाची पाकिटं विकत विकत मुंबईपर्यंत जातात. बदलापूरनंतर खिडकीबाहेर बघण्यासारखं कमी आणि डब्यात सोसण्यासारखं जास्त. कल्याणच्या पुढे पारसिकचा बोगदा हा १९१६ पासून फास्ट गाड्यांचा मान होता. पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये झाली आणि तो मुख्यतः मेल-एक्सप्रेसकडे गेला. आता आपण मुंब्र्यावरून, खाडीकडेने जातो. ठाण्यापासून पुढचे ३४ किलोमीटर म्हणजे १८५३ चाच मार्ग. त्या दिवशी दुपारी साडेतीनला तीन इंजिनं, १४ डबे आणि ४०० निमंत्रित असा लवाजमा २१ तोफांच्या सलामीनंतर निघाला आणि सव्वा तासाच्या आत-बाहेर ठाण्याला टेकला. आज गर्दीच्या वेळी स्लो लोकल यापेक्षा फार पुढे गेली आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आणि मग सीएसएमटी. वाडवडिलांचं बोरीबंदर, वडिलांचं व्हीटी, मधल्या पिढीचं सीएसटी. आमची गाडी तीन ते सात यांपैकी एका फलाटाला लागते. एक-दोन हार्बरचे, आठ ते अठरा लांबच्या गाड्यांचे. म्हणजे कर्जतकर या जगप्रसिद्ध इमारतीत मागच्या दाराने शिरतो. परगावचा पाहुणा तिचं तोंड आधी पाहतो, आम्ही पाठ. पाठीकडून पाहिल्यावर एक गोष्ट लगेच कळते. फलाटांवर साधं लोखंडी छप्पर आहे. कमानी, मनोरे, घुमट, रंगीत काचा हे सगळं पुढे आणि बाजूला.

त्याचं कारण सरळ आहे. ही इमारत मुख्यतः उतारूंसाठी बांधलेलीच नव्हती. तो भव्य भाग म्हणजे जीआयपी कंपनीचं मुख्य कार्यालय. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची, मधे चौक ठेवलेली ती कचेरी आहे. घुमटाखालून वर जाणारा तो झोकदार, आधाराशिवाय तरंगल्यासारखा वाटणारा दगडी जिना साहेबांच्या खोल्यांकडे जातो, फलाटाकडे नाही. सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती तिकीटघराची दालनं. त्यातल्या एका छताला सोनेरी तारे आहेत, म्हणून त्याला स्टार चेंबर म्हणतात. लोकलचं तिकीट काढायला उभे असाल तेव्हा मागच्याने ढकलेपर्यंत वर पाहून घ्या.

१८५३ साली इथे साधं लाकडी स्टेशन होतं. घाट १८६३ मध्ये खुला झाला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस अडकला होता आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. १८६५ मध्ये कसाऱ्याकडचा थळघाटही सुरू झाला आणि वऱ्हाड-खानदेशाचा कापूस त्या वाटेने उतरू लागला. मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. फ्रियरसाहेबांनी किल्ल्याची तटबंदी पाडून शहर मोकळं केलं. युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, पण रूळ राहिले आणि त्यांवरून माल येतच राहिला. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला आणि मुंबई विलायतेच्या आणखी जवळ आली. कंपनीला आता आपल्या ऐपतीला शोभेल अशी कचेरी हवी होती.

काम मिळालं फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याला. तो १८६७ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला म्हणून हिंदुस्थानात आला होता. नकाशा करण्याआधी त्याने रजा काढून दहा महिने युरोपातली स्टेशनं पाहिली. लंडनच्या सेंट पँक्रसची छाया इथे आहे, इटलीच्या गॉथिकचीही आहे, पण घुमट, जाळ्या आणि कोपऱ्यांतले छोटे मनोरे पाहताना आपल्याकडच्या राजवाड्यांची आठवण होतेच. बांधकाम १८७८ च्या मेमध्ये सुरू झालं आणि दहा वर्षांनी, १८८८ च्या मेमध्ये संपलं. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. राणीच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली म्हणून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव पडलं. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते. कोरीवकामाचा मोठा भाग जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केला. दगडात मोर आहेत, माकडं आहेत, पानाफुलांत दडलेले प्राणी आहेत. ही मुलं आपल्या आसपासचं रान दगडात आणत होती, असं मला वाटतं, म्हणून इंग्रजी इमारत असूनही ती परकी वाटत नाही.

फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंड, वाघ हिंदुस्थान. दोघेही बसलेले. १८५७ च्या उठावानंतर वाघ असा शांत बसलेला दाखवणं ही मोठी आशावादी कल्पना होती. घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती, एका हातात मशाल, दुसऱ्या हाताजवळ चाक. ही तिन्ही शिल्पं थॉमस अर्प याची. घड्याळाखालच्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. दर्शनी भिंतीवर कंपनीशी संबंधित मातब्बरांचे चेहरे आहेत. त्यांत जमशेटजी आणि नाना शंकरशेट आहेत, आणि ते योग्यच आहे. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांचे पगडी-फेट्यांतले चेहरेही आहेत. दोराला लोंबकळून सुरुंग लावणारा माणूस मी पुष्कळ शोधला. ॲलिस ट्रेडवेलही शोधली. मला दोघेही सापडले नाहीत.

हाच स्टीव्हन्स पुढे समोरची महापालिका (१८९३) आणि चर्चगेटची बीबीसीआय रेल्वेची कचेरी (१८९९) बांधून गेला. म्हणजे आपण ज्याला मुंबईचा चेहरा म्हणतो त्यातला मोठा भाग एका माणसाच्या पेन्सिलीतून उतरला. १९०० मध्ये मुंबईतच तो वारला. शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी इथून कुर्ल्याला, हार्बर मार्गाने, धावली. लांबच्या गाड्यांसाठी शेजारी नवं स्टेशन १९२९ पर्यंत उभं राहिलं. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी जाऊन मध्य रेल्वे झाली आणि कचेरी तिच्याकडे आली. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. या नावाचा आणि आमच्या तालुक्याचा संबंध मुंबईत फारसा कोणाला ठाऊक नसतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कुरवंडे घाट उतरून कोकणात शिरू पाहणारी कारतलबखानाची मोठी फौज महाराजांनी खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत कोंडली आणि शरण आणली. चावणी गावाजवळ त्या लढाईचं स्मारक आहे. घाटाची वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात कोकण, हे बर्कलीच्या दोनशे वर्षं आधी कोणीतरी ओळखलं होतं.

२ जुलै २००४ रोजी युनेस्कोने ही इमारत जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. चारच वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, लांबच्या गाड्यांच्या दालनात दोन अतिरेक्यांनी गोळीबार केला आणि ५८ माणसं मारली. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून सतत सूचना देत राहिले आणि लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीला त्यांनी दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं. त्या गर्दीत कर्जत-खोपोलीची शेवटच्या गाड्या पकडायला आलेली माणसंही असणार. दगडी सिंह-वाघांपेक्षा त्या रात्री लाउडस्पीकर कामी आला.

आता स्टेशनाच्या पुनर्विकासाचं काम निघालं आहे. २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली, कंत्राट सुमारे २,४५० कोटींचं. मूळ इमारत जशीच्या तशी राखून भोवतीची गर्दी हलकी करायची असा बेत आहे. तो बरा आहे. आतलं वारसा संग्रहालय पाहायचं असेल तर कामाच्या दिवशी दुपारी जा आणि आधी वेळेची चौकशी करा. सुट्टीच्या दिवशी कचेरी बंद असते. परतताना इंडिकेटरवर ‘एस’ दिसली की ती कर्जतची, ‘केपी’ म्हणजे खोपोली, आणि ‘एन’ लागलेल्या गाडीत चुकून बसलात तर कसाऱ्याला पोचाल.

मागणी आहे ती एवढीच. एका टोकाला जागतिक वारशाचं संरक्षण आहे. दुसऱ्या टोकाला, द्रुतगती मार्गावरचा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. वाहतुकीच्या सोयीसाठी ते करावं लागलं असेल. पण रिव्हर्सिंग स्टेशनची जागा, जुन्या पुलांचे खांब, सोडून दिलेले बोगदे यांची मोजदाद करून, घाटाच्या कामाचा आणि त्यात मेलेल्या मजुरांचा इतिहास कर्जतच्या फलाटावर ठळक मराठीत लावायला रेल्वेला फार खर्च येणार नाही. बँकर लागेपर्यंत गाडी तशीही थांबलेलीच असते. उतारूंनी तेवढ्या वेळात तो वाचावा.